कवटी ‘एकसंध’ नाही, सांधलेली आहे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर डोक्याच्या दुखापतींसंबंधी नुकताच जो लेख आला, त्याचा हेतू चांगला आहे आणि त्यातला बराचसा सल्लाही योग्य आहे. मात्र दुसऱ्याच परिच्छेदात ‘कवटी हे मेंदूभोवतीचे एकसंध आणि सर्व बाजूंनी सारखेच भक्कम हाड आहे’ असे विधान करून पुढचे विवेचन त्याच्या आधारावर रचले आहे. यातला ‘एकसंध’ हा शब्द चूक आहे, ‘सारखेच भक्कम’ हे त्याहून चूक आहे आणि ‘हाड’ हे एकवचनही चूकच आहे. माझा सारा नोकरीचा काळ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेला आहे, त्यामुळे एका वाक्यात तीन चुका दिसल्यावर हाताला लाल पेन शोधायची सवय अजून गेलेली नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु हे पत्र त्या सवयीपोटी लिहिलेले नाही. लेखाच्या अखेरीस दिलेला एक सल्ला थेट या चुकीतून निघालेला आहे आणि तो मानणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ मेंदूला वेढून बसतात: कपाळाचे एक, माथ्याच्या दोन्ही बाजूंची दोन, मागच्या बाजूचे एक, कानशिलांची दोन आणि तळाशी, बाहेरून फारशी न दिसणारी दोन. उरलेली १४ चेहऱ्याची. मधल्या कानातली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही इवलीशी हाडे दोन्ही कानांची मिळून ६ होतात. त्यांची गणना वेगळी करण्याची प्रथा आहे, आणि जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड तर इतर कोणत्याही हाडाला न जोडता स्नायूंच्या व बंधांच्या आधाराने लटकत असल्यामुळे या हिशेबात येतच नाही. हा आकडाही काटेकोर मानू नये, कारण पुष्कळ माणसांच्या कवटीत, विशेषतः मागच्या शिवणीत, चिंचोक्याएवढी जादा हाडे आढळतात. परीक्षेत ‘बावीस’ म्हणून छातीठोकपणे सांगणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मी अशी एखादी कवटी मुद्दाम ठेवत असे आणि मग त्याची मोजदाद कितीतरी वेळ चालत असे.

कवटीतल्या हाडांच्या संख्येबाबत फसगत होणे नवे नाही, हेही लेखकाच्या बाजूने सांगितले पाहिजे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याने मानवाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे लिहून ठेवले. त्याचे विच्छेदन प्राण्यांवर झालेले होते आणि कुत्र्यासारख्या प्राण्यांत जबड्याचे दोन भाग खरोखरच वेगळे राहतात. माणसाच्या अर्भकातही जन्मवेळी ते दोन असतात, परंतु पहिल्या वर्षाच्या आत हनुवटीच्या मध्यरेषेवर जुळून त्यांचे एक हाड होते. तरीही गेलेनचे म्हणणे सुमारे १३०० वर्षे प्रमाण मानले गेले आणि १५४३ साली शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने प्रत्यक्ष मानवी शरीरे पाहून ते खोडून काढले, तेव्हा त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. गेलेनने एकाची दोन केली आणि आपल्या लेखकाने बाविसांचे एक केले, एवढाच फरक.

ही हाडे एकमेकांशी कशी जोडली आहेत, हा कवटीच्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग आहे. पाठ्यपुस्तकांत या जोडांना ‘सीवनी’ म्हणतात, वैद्यकीय महाविद्यालयांत सगळे ‘सूचर’ म्हणतात. पण घरात वापरला जाणारा ‘शिवण’ हा शब्द दोहोंपेक्षा नेमका आहे. स्वच्छ केलेली कवटी हातात घेऊन माथ्यावरून नख फिरवले, तर ते एखाद्या वेड्यावाकड्या ओळीवरून खडखडत जाते. करवतीचे दाते एकमेकांत घट्ट बसवावेत तशी दोन हाडांची टोके तिथे एकमेकांत गुंतलेली असतात. कवटीचे झाकण काढून तीच ओळ आतून पाहिली, तर तिथे मात्र ती बरीच सरळ आणि साधी दिसते. एक शिवण दोन्ही कानांच्या दिशेने माथ्यावरून आडवी जाते, दुसरी मध्यरेषेवरून मागे जाते आणि मागे ती एका दुबेळक्याला मिळते, ज्याचा आकार ग्रीक लॅम्डा या अक्षरासारखा असल्यामुळे त्या मागच्या शिवणीला तेच नाव पडले. कानशिलावरची चौथी शिवण वेगळ्याच जातीची असते. तिथे दाते नसतात. कानशिलाच्या हाडाची कड तासून पातळ केल्यासारखी असते आणि ती माथ्याच्या हाडावर कौलासारखी चढते.

जिवंतपणी या शिवणींत दोन हाडांच्या मध्ये तंतूंचा पातळ थर असतो. वय वाढते तशा त्या आतून बाहेर भरत जातात, पण प्रत्येकाच्या वेगवेगळ्या गतीने, आणि म्हणून केवळ शिवणी पाहून मृताचे वय ठरवू पाहणाऱ्याने फार आत्मविश्वास बाळगू नये. हाडे सुटी करून दाखवण्याची एक जुनी युक्ती आहे. कोरड्या कवटीत तळाच्या मोठ्या छिद्रातून सुके वाटाणे ठासून भरायचे आणि ती पाण्यात ठेवायची. दाणे फुगतात, आतून सर्व बाजूंना सारखा दाब पडतो आणि कवटी न फुटता शिवणीशिवणींवर उसवते. एकसंध वस्तू अशी उसवत नाही.

टाळूबद्दल लेखात जे लिहिले आहे त्याला मात्र केवळ अनवधान म्हणता येणार नाही, कारण तिथे आपली भाषाच लेखकाला दगा देऊन गेली आहे. मराठीत ‘टाळू’ हा एकच शब्द दोन जागांसाठी वापरतात: अर्भकाच्या डोक्यावरचा मऊ भाग आणि तोंडाच्या आतले छत. लेखात एका वाक्यात ‘बाळाची टाळू दीड वर्षापर्यंत भरून येते’ असे म्हटले आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘टाळू दुभंगलेली राहिल्यास शस्त्रक्रिया करावी लागते’ असे आले आहे. पहिले वाक्य डोक्याविषयी आहे आणि दुसरे तोंडाविषयी. मधे ते दोन अवयव वेगळे आहेत हे कुठेही सांगितलेले नाही. लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी नात्यातल्या एका तरुण आईने घाबरून मला विचारले की, ‘काका, बाळाची टाळू अजून मऊ लागते, म्हणजे त्याला पुढे बोलताना नाकातून हवा जाईल का?’ बाळ सात महिन्यांचे होते आणि त्याची टाळू जशी असायला हवी तशीच होती.

म्हणून दोन्ही टाळूंचा थोडा खुलासा करतो. तोंडाचे छत पुढच्या मोठ्या भागात वरच्या जबड्याच्या हाडांनी आणि मागच्या थोड्या भागात तालव्यास्थींनी बनते. दोन्ही बाजूंनी येणारे पडदे गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत मध्यरेषेवर जुळतात. ते जुळले नाहीत तर टाळू दुभंगलेली राहते, आणि ती जन्मानंतर आपोआप भरून येत नाही. डोक्यावरच्या टाळूचा याच्याशी काहीही संबंध नाही. ती जागा म्हणजे जिथे हाडांचे कोपरे अजून एकमेकांपर्यंत पोहोचलेले नाहीत अशी फट होय. अशा जागा जन्मवेळी एक नव्हे, सहा असतात: पुढची पतंगाच्या आकाराची, मागची लहान तिकोनी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. मागची दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची बहुधा एक ते दीड वर्षाच्या दरम्यान, काही बाळांत दोन वर्षांपर्यंतही. लेखात तिला ‘भोक’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही, कारण तिथे चिवट पडदा ताणलेला असतो आणि हलक्या हाताने केस धुतल्याने त्याला काहीही होत नाही. त्याखालचे ठोके बोटाला जाणवतात, ते रक्तवाहिन्यांचे. शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली आणि ताठ लागली तर आतला दाब वाढल्याची शंका घ्यावी. खोल गेलेली दिसली तर शरीरातले पाणी कमी झाले असावे. मेंदूची अशी खिडकी आयुष्यात पुन्हा कधी मिळत नाही.

बाळाची कवटी खरोखरच एकसंध असती तर काय झाले असते, याचा विचार लेखकाने करून पाहावा. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि त्याला आईच्या कटीच्या हाडांच्या कड्यातून बाहेर यायचे असते. त्या वेळी माथ्याची हाडे एकमेकांवर किंचित सरकतात, डोके निमुळते होते आणि जन्मानंतर काही दिवसांत पुन्हा आकाराला येते. नवजात बाळाचे लांबट डोके पाहून घरातली माणसे धास्तावतात, पण ती शिवणींची करामत असते. त्यानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होते आणि शिवणी खुल्या असतात म्हणूनच कवटीला त्याच्यासोबत वाढता येते. एखादी शिवण अवेळी बुजली, तर मेंदू त्या दिशेला अडतो आणि दुसऱ्या दिशेला जागा शोधतो. मधली शिवण बुजल्यास डोके होडीसारखे लांबट होते, आणि कधी कधी शल्यचिकित्सकांना हाड कापून ती वाट मोकळी करून द्यावी लागते.

आता ‘सारखेच भक्कम’ याविषयी. कवटीचे वरचे हाड दोन पातळ थरांचे असते आणि त्यांच्यामध्ये स्पंजासारखा सच्छिद्र, रक्ताने भरलेला भाग असतो. वजन कमी आणि मजबुती जास्त, अशी ही रचना आहे. आतला थर बाहेरच्या थरापेक्षा पातळ व ठिसूळ असल्यामुळे बाहेर केवळ चीर असताना आत तुकडे झालेले असू शकतात. जाडीही सगळीकडे सारखी नसते. डोक्याच्या मागे हाताला लागणारा उंचवटा चांगला जाड असतो, तर कानशिलाच्या हाडाचा वरचा पापुद्रा काही ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. अंधाऱ्या खोलीत रिकाम्या कवटीच्या आत विजेरी धरली, तर कानशिलाशी आणि डोळ्यांच्या खोबणींच्या छताशी उजेड तांबूस होऊन बाहेर झिरपतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग न बोलता दाखवत असे.

आणि नेमक्या त्या पातळ जागी सर्वांत मोठा धोका आहे. गालाच्या हाडाची जी कमान कानाकडे जाते, तिच्यापासून दोन बोटे वर आणि डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून अंगठाभर मागे चार हाडांचे कोपरे एकत्र येतात: कपाळाचे, माथ्याचे, कानशिलाचे आणि तळातल्या जतुकास्थी नावाच्या हाडाच्या पंखासारख्या भागाचे. या जागेला टेरिऑन म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला मेंदूच्या जाड आवरणाला रक्त पुरवणारी एक धमनी हाडाला लगटून जाते, इतकी लगटून की हाडावर तिची खाच उमटलेली असते. कोरड्या कवटीच्या आत ती पानावरच्या शिरांसारखी फांद्या फुटत गेलेली स्पष्ट दिसते. सुश्रुतसंहितेत कानशिलावरच्या ‘शंख’ या मर्माची गणना आघात होताच प्राण हरण करणाऱ्या मर्मांत केलेली आहे, आणि आजही मराठीत या हाडाचे नाव शंखास्थीच आहे. रागाच्या भरात ‘कानशिलात लगावणारे’ आपण सारे नेमके कुठे हात उगारतो, याची आपल्याला कल्पना नसते.

लेखाच्या अखेरीस म्हटले आहे की, ‘बाहेर जखम नसेल आणि शुद्ध हरपली नसेल, तर कवटीने आपले काम चोख केले आहे असे समजून निश्चिंत राहावे.’ माझा आक्षेप मुख्यतः या वाक्याला आहे. माझा एक विद्यार्थी क्रिकेट खेळताना कानशिलावर चेंडू लागून खाली बसला. मिनिटभरात उठला, हसला, पुढची दोन षटके त्याने क्षेत्ररक्षणही केले. खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. संध्याकाळी डोके दुखते म्हणून तो खोलीत जाऊन पडला, आणि त्याच्या सोबत्याने जेवायला उठवले तेव्हा तो अडखळत, अर्धवट उत्तरे देऊ लागला. सोबती माझ्याच वर्गातला होता. त्याने ‘झोपू दे’ असे न म्हणता त्याच्या डोळ्यांवर उजेड टाकून पाहिला. एक बाहुली मोठी होती. मुलाला तातडीने रुग्णालयात नेले, कवटीला बारीक चीर पडून धमनीतून साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले गेले आणि तो वाचला. हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते तेव्हा असा मधला बरा वाटणारा काळ काही रुग्णांना मिळतो. तो मिनिटांचा असू शकतो, तासांचाही. आधी शुद्ध हरपलेली असतेच असे नाही. म्हणून कानशिलावर जोराचा मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलणे अडखळू लागले किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर बाहेरच्या जखमेची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

कवटीचा तळ लेखात आलाच नाही. एका अर्थी ते स्वाभाविक आहे, कारण तो हाताला लागत नाही. पण त्याची रचना डोक्याच्या घुमटापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. तिथले मधले हाड म्हणजे जतुकास्थी. संस्कृतात जतुका म्हणजे वटवाघूळ, आणि हे हाड सुटे करून हातात घेतले की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते: मधे धड, बाजूंना पसरलेले पंख, खाली लोंबणारे पाय. मेंदूभोवतीच्या उरलेल्या सातही हाडांना ते स्पर्श करते आणि त्याच्या पाठीवरच्या, तुर्की खोगीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खळग्यात पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथी बसलेली असते. त्याच्या पुढे नाकाच्या छताशी झर्झरिका, म्हणजे अक्षरशः चाळणी. तिच्या छिद्रांतून वासाचे तंतू मेंदूकडे जातात. डोके जोरात आपटून ही चाळणी तडकली, तर वास येणे बंद होऊ शकते आणि नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव ठिबकू लागतो. तो सर्दीचा नसतो, मेंदूभोवतीचा असतो. अशा वेळी नाकात बोळे कोंबू नयेत आणि रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये, एवढी एक ओळ लेखात असती तरी तिचा उपयोग झाला असता. दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे उशिरा उमटणारे काळेनिळे डागही तळाचे हाड मोडल्याची खूण असू शकतात.

चेहऱ्याच्या हाडांविषयी फार लिहीत नाही. एका डोळ्याच्या खोबणीच्या भिंती सात हाडांच्या मिळून बनतात आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते, एवढे सांगितले तरी तिथे ठोसा बसल्यास काय होईल ते वाचकाच्या ध्यानात येईल. वरचा जबडा आतून पोकळ असतो. त्या पोकळीचे तोंड वरच्या अंगाला असल्यामुळे उभ्या माणसात तिथला स्राव सहज वाहून जात नाही, आणि सायनसच्या दुखण्याला कंटाळलेल्या प्रत्येकाने हे ऐकून ठेवावे. लेखासोबतच्या चौकटीत ‘रुंद कपाळ हे मोठ्या मेंदूचे लक्षण’ असे जे विधान आहे, ते काढून टाकावे. कवटीच्या उंचसखल भागांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगण्याचा उद्योग दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्झ गाल या वैद्याने सुरू केला होता आणि तो केव्हाच निकालात निघाला आहे. भुवयांच्या वरचे हाड आत पोकळ असते, त्यामुळे तिथला फुगवटा मेंदूचा नसतो, हवेचा असतो.

तरी आपण खुलासा छापावा, ही विनंती. जागा कमी असल्यास शिवणींचे वर्णन आणि गेलेनचा किस्सा गाळावा, पण ‘निश्चिंत राहावे’ हे वाक्य मागे घेतल्याचे आणि दोन टाळूंमधला फरक अवश्य छापावा. सोबतचे चित्रही बदलावे. त्यात ‘कवटी’ असे लिहून जे दाखवले आहे, त्याला खालचा जबडाच नाही. कवटीतले तेवढेच एक हाड सांध्यावर हलते, स्नायू आणि बंध यांच्या आधाराने टिकते आणि मृत्यूनंतर सर्वांत आधी गळून पडते, म्हणून धोक्याच्या पाट्यांवर ते बहुधा नसते. आपला चित्रकार बहुधा तिथूनच चित्र उतरवून घेऊन आला असावा.

आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक